डाव्या बाजूचे टायर

प्रिय डुलकी,

तुझ्याकडून घेतलेल्या गाडीचे चारही टायर आणि पुढचे ब्रेक मला बदलावे लागले आहेत आणि तू आठवडाभर माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र लिहिते आहे. मी संतापलेली आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे माझा सूर जरा मऊ लागला तर तू लगेच हुश्श करून बसू नकोस. वसतिगृहाच्या खोलीपासून आत्तापर्यंत मी तुझ्यावर किती वेळा चिडले असेन याची मोजदाद नाही, पण तुझ्या सच्चेपणाबद्दल शंका घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आता आली आहे. तू मला आणि माझ्या नातीला जाणूनबुजून धोक्याच्या गाडीत बसवलंस का, एवढंच मला विचारायचं आहे. त्याचं उत्तर 'हो' असेल, तर यापुढे आपण एकमेकींकडे चहाला जाण्यात काही अर्थ उरत नाही.

आधी काय झालं ते ऐक. गेल्या सोमवारी नातीला शाळेतून आणत होते. तिची शाळा टेकडीवर आहे आणि तो उतार तुझ्या माहितीचा आहे. खाली चौक, चौकात सिग्नल. सिग्नल लाल झाला, मी नेहमीसारखा ब्रेक दाबला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी किंचाळली. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज, पायाखाली थरथर, आणि गाडी आपली खाली चाललेलीच. मी जवळजवळ सीटवरून उठून दोन्ही पायांनी पेडल दाबलं, हँडब्रेक ओढला, तोंडाने काय काय ओरडले ते मला आठवत नाही. गाडी थांबली ती रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर. समोर एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती, ती जागच्या जागी थिजली. मग तिला कंठ फुटला. तिने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पण त्यातला शब्द न् शब्द मला मान्य होता. मागच्या सीटवरून नात म्हणाली, "आजी, गाडीला काहीतरी दुखतंय." सात वर्षांच्या पोरीला जे कळलं, ते मला सांगायला तुझी जीभ का रेटली नाही?

आणि मी तुला विचारलं नव्हतं असंही नाही. गाडी घरी आणली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी तुला फोन केला होता, की ब्रेक लावला की चिर्र आवाज येतो. तू काय म्हणालीस आठवतं? "अगं, वय झालंय तिचं. थोडी कुरकुर करणारच. तू नाही का करत?" आणि हसलीस. मूर्खासारखी मीही हसले. त्या हसण्यापायी चौकात एका तान्ह्या जिवाच्या अंगावर मी गाडी घातली असती. हे वाक्य पुन्हा एकदा वाच आणि मग पुढे चल.

लोकांनी मला हसावं अशीच ही गोष्ट आहे. उभी नोकरी मी अन्नभेसळ तपासण्यात घालवली. दूध असो, तेल असो, तिखट असो, समोरचा कितीही गोड बोलला तरी नमुना नळीत घातल्याशिवाय मी सही केली नाही. अजूनही दुकानातून बिस्किटांचा पुडा आणताना मागची तारीख वाचते आणि दुकानदार माझ्याकडे बघून डोळे फिरवतो. अशी मी, आणि तुझी गाडी मात्र चाकांना हातसुद्धा न लावता घेतली. जावई म्हणाला होता, "आई, एकदा मेकॅनिकला दाखवून घ्या." मी त्याच्या अंगावर वसकन ओरडले, "डुलकीच्या घरची गाडी मेकॅनिकला दाखवायची? उद्या तिच्या घरचा चहा प्रयोगशाळेत पाठवायला सांगशील!" आता तो नुसता बिलाकडे बघतो आणि उठून पाणी प्यायला जातो. तो घडाघडा बोलला असता तर मला परवडलं असतं.

गाडी ओढून गॅरेजमध्ये न्यावी लागली. तिथला गॅरेजवाला म्हणजे एका कानाला फोन, दुसऱ्या कानावर पेन्सिल, आणि मधल्या तोंडाला क्षणाची उसंत नाही. त्याने चाक उतरवलं, ब्रेकचा पॅड काढून माझ्या नाकासमोर धरला. "हे बघा बाई. इथं बोटाएवढा जाड थर असतो. तुमचा सगळा गेलाय, मागचा पत्रा तेवढा शिल्लक आहे. त्या पत्र्याने आतली डिस्क खरवडून काढलीय." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "ब्रेकवर पाय ठेवूनच चालवता का हो? आणि डावी बाजू तर तुम्हाला कळतच नाही! बायकांची गाडी आम्ही टायर बघून ओळखतो." माझ्या कोणी तोंडात मारावी तसं झालं. मी विचारलं, दोन महिन्यांत एवढं झिजतं का? "छे हो, हे निदान वर्षाचं काम आहे." मी म्हटलं, मग लक्ष देऊन ऐका, वर्षभर ही गाडी एक पुरुष चालवत होता, आणि साधासुधा पुरुष नव्हे, जन्मभर रस्ते बांधलेला अभियंता. त्यावर तो एवढा हसला की कानावरची पेन्सिल खाली पडली. "मग साहेबांनी रस्ते बांधलेच असतील, चालवत दुसराच कोणीतरी शिकाऊ असणार."

टायरवरून आमची चांगलीच जुंपली. डावीकडचे दोन गेले होते हे मलाही दिसत होतं, पण उजवीकडचे अजून चालले असते. "बाई, एका पायात नवा बूट आणि दुसऱ्या पायात झिजकी चप्पल घालून त्या कोपऱ्यापर्यंत पळून दाखवा, मग मी दोनच बदलतो." मी पळून दाखवलं नाही. चार टायर, पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड आणि डिस्का, शिवाय चाकं सरळ करून घ्यायचे वेगळे. गाडीच्या किमतीचा जवळजवळ चौथा हिस्सा दोन दिवसांत गेला. स्वयंपाकघराच्या खिडक्या बदलायला म्हणून ठेवलेले पैसे होते ते. खिडक्या तशाच आहेत, फटीतून वारा येतो आहे, आणि मी हट्टाने त्याच खिडकीशी बसून हे लिहिते आहे.

बिल चुकवून घरी आल्या आल्या मी तुला एक पत्र लिहिलं होतं. ते एका पानाचं होतं आणि त्यात 'फसवणूक' हा शब्द तीन ठिकाणी होता. ते शोधू नकोस, मी फाडून टाकलं. बिलाबरोबर मला गॅरेजमध्ये जे बघायला मिळालं त्याचा अर्थ पत्र लिहून झाल्यावर माझ्या डोक्यात शिरला, आणि शिरला तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

गॅरेजवाल्याने जुने टायर भिंतीला टेकवून ओळीने उभे केले होते. पैसे मोजलेत तर गेलेला मालही बघून घ्यावा, म्हणून मी जवळ गेले. उजव्या बाजूचे दोघे झिजलेले, पण नीटनेटके. वयाप्रमाणे केस गेलेल्या सभ्य गृहस्थांसारखे. डाव्या बाजूचे दोघे मात्र मारामारी करून आलेले. बाहेरच्या अंगाला सगळीकडे चरे, ओरखडे, टवके उडालेले. पुढच्याला तर लिंबाएवढा फुगा आला होता. "हा फुटला असता ना, तर गाडी तुमच्या हातात राहिली नसती," गॅरेजवाला म्हणाला. मला हे आधी का दिसलं नाही? कारण गाडी ताब्यात दिलीस त्या दिवशी चारही टायर काळेकुळकुळीत चमकत होते. तू चहा आणलास तेव्हा तुझ्या नखांत काळं होतं, आणि मी काही विचारायच्या आत तूच म्हणालीस, "तवा घासत होते गं." तवा! अगं, तवा तू कधी घासला आहेस? वसतिगृहातसुद्धा तुझ्या वाट्याची भांडी मी घासायची.

म्हणजे टायरना पॉलिश फासून तू मला गाडी विकलीस, असं माझ्या मनात पक्कं झालं. तेवढ्यात गॅरेजवाल्याने टायरच्या बाजूवर स्क्रूड्रायव्हर ओढला. पॉलिशची पापडी निघाली. तिच्याखाली दुसरी. तिच्याखाली आणखी. "गंमत आहे," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाला दाखवायला लोक एकदा फासतात आणि मोकळे होतात. हे तर कोणीतरी वर्षभर नेमाने लावत बसलंय. कोणापासून लपवत होतं कोण जाणे." एवढं बोलून तो फोनवर दुसऱ्या कोणावर तरी ओरडायला निघून गेला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

मला त्याचा अर्थ घरी आल्यावर कळला. तुमची गाडी मी घेणार हे शेवटच्या आठवड्यात ठरलं. वर्षभराचं पॉलिश माझ्यासाठी नव्हतं. मग दर रविवारी सकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून, गाडीभोवती फेरी मारून प्रत्येक चाकाला हात लावून बघणारा माणूस तुझ्या घरात कोण आहे, हे मला तू सांगायची गरज नाही. भाऊजी अंगणात उतरायच्या आत तू खाली जाऊन त्यांनीच पाडलेले चरे काळे करून ठेवत होतीस.

भाऊजींनी मला गाडी शिकवली ते आठव. माझे हे गेल्यावर लोक मला भजनाला चल, सहलीला चल म्हणत होते, भाऊजी एकटे म्हणाले, "बाई, किल्ली घ्या आणि चला." बाजाराचं मैदान सुट्टीच्या दिवशी रिकामं असायचं, तिथे मी अठ्ठावन्नाव्या वर्षी क्लच सोडायला शिकले. गिअर चुकला तर ते काही बोलत नसत. ब्रेक लावला की मात्र कपाळाला हात लावायचे. "पुन्हा ब्रेक! बाई, रस्त्यावर तुमचा एवढा कसला राग?" त्यांचं म्हणणं, ब्रेक हा चालवणाऱ्याचा कबुलीजबाब असतो. ज्याचं पुढे लक्ष आहे त्याने पाय आधीच उचललेला असतो, त्याला ब्रेकची गरज पडते ती फक्त गाडी उभी करताना. घरून स्टेशनपर्यंत ब्रेक न लावता आल्याचं ते गाडीतून उतरताना जाहीर करायचे, जसं काही स्टेशनमास्तर हार घेऊन उभा आहे. अशा माणसाचे ब्रेक वर्षात पत्र्याला लागले. प्रयोगशाळेत आमच्याकडे एखाद्या चांगल्या डेअरीचं दूध अचानक नापास झालं तर आम्ही आधी 'चोर' म्हणत नसू. आधी विचारायचो, तिथे काय बिघडलंय?

आणि मग मला ती थंडीतली फेरी आठवली. मी बहिणीकडून परत आले होते आणि तुम्ही दोघं मला स्टेशनवर न्यायला आला होतात. मी मागे बसले. अगं, तुझं नाव डुलकी आम्ही उगीच ठेवलं का? तास सुरू झाला की बाईंच्या हजेरीआधी तुझी मान पडायची. गाडीत तर दुसरा गिअर पडायच्या आत तू घोरत असायचीस. आणि त्या दिवशी तुझ्या तोंडाला खळ नव्हता. "अगं बाई, ते कुत्रं बघ, कसं कडेकडेने चाललंय गुलाम! आणि त्या सायकलवाल्याचा शर्ट बघितलास? पडदा फाडून शिवलाय जणू. हा टेम्पो मेला इथेच काय उभा राहिलाय!" भाऊजी वैतागून म्हणाले, "जरा तोंड बंद ठेवशील? रस्त्याकडे लक्ष लागत नाही." मी त्यांचीच बाजू घेतली. म्हटलं, डुलकी, झोप आता. तू गप्प बसलीस. पुढच्याच वळणावर डावं चाक धाडकन फुटपाथवर चढलं आणि उतरलं. माझं डोकं छताला लागलं. भाऊजी म्हणाले, "हा फुटपाथ पुढे आणून ठेवलाय लेकाच्यांनी." आणि तू लगेच, "हो ना, अक्कल नाही मेल्यांना." मग पुन्हा तुझी बडबड सुरू. कुत्रं, सायकलवाला, टेम्पो, डबा घेऊन चाललेली म्हातारी. स्वयंपाकघरात बसून मी ते सगळं आठवून आठवून पाहिलं. एकूण एक डावीकडे. उजव्या बाजूला त्या दिवशी जगात काही घडतच नव्हतं.

त्यानंतर एकेक गोष्ट आपली आपण जागेवर जाऊन बसली. बागेत फिरताना तू त्यांच्या डाव्या हाताला, हातात हात घालून. मी चिडवलं होतं, काय गं, या वयात प्रेम उतू चाललंय. तू लाजल्यासारखं केलंस आणि हात सोडला नाहीस. मला, खरं सांगते, त्या दिवशी तुझा थोडा हेवा वाटला होता. जेवताना त्यांच्या डाव्या बाजूचा पेला कलंडला तेव्हा ते ओरडले, "इथे कोणी ठेवला?" आणि तू म्हणालीस, मी. तो पेला मी ठेवला होता, डुलकी. माझ्या डोळ्यांदेखत तू माझा पेला स्वतःच्या नावावर घेतलास आणि मला वाटलं, ही आता म्हातारी झाली, हिच्या लक्षात राहत नाही.

म्हणजे माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं, आणि ते 'हो' आहे. तुला माहीत होतं. तरीही आपला चहा बंद होणार नाही, पण म्हणून मी तुला माफ केलं असंही समजू नकोस. तुझी कीव येते म्हणून मी गप्प बसेन अशी तुझी अटकळ असेल, तर तू मला ओळखलंच नाहीस. भाऊजींना डावीकडचं दिसेनासं झालं आहे, आणि वर्षभर तू त्यांचा डावा डोळा होऊन शेजारच्या सीटवर बसत होतीस. ते सगळे ओरखडे तुझ्या दाराखाली आहेत. तुझ्या अंगावर टेम्पो आला असता तर? बरं, तुझा जीव तुझा, तू तो कोणावरही ओवाळून टाक. ती डबा घेऊन चाललेली म्हातारी कोणाची होती? तिला कोणी विचारलं होतं का, की बाई, आमच्या ह्यांचं मन मोडू नये म्हणून तुम्ही जरा धोका पत्करता का? आणि शेवटी तुला वाटलं, गाडीच विकून टाकली की प्रश्न मिटला. पण विकायची कोणाला? परका आला असता तर वाकून टायर बघितले असते आणि भाऊजींच्या तोंडावर म्हणाला असता, "काका, ही काय दशा केलीत?" म्हणून तुला असं गिऱ्हाईक हवं होतं जे वाकून बघणार नाही. अख्ख्या गावात ते तुला एकच सापडलं. माझा तुझ्यावर विश्वास आहे, ही गोष्ट तू अशी वापरलीस. नवऱ्याची लाज राखायला तू माझी नात मागच्या सीटवर बसू दिलीस. प्रेमाचा राग येऊ शकतो हे मला या वयात कळलं. तुझ्या प्रेमाचा मला भयंकर राग आला आहे.

तू म्हणशील, सांगणार तरी कसं होते? मला सांगायचं होतं! उभा जन्म लोकांना त्यांच्या तोंडावर 'तुमचं दूध खराब आहे' सांगण्याचा मी पगार घेतला. तुला जे वर्षभर जमलं नाही ते मी एका चहात सांगितलं असतं. वसतिगृहात रात्रीच्या हजेरीला तू नसलीस की फौजदारकी करून सगळं निभावायला मी लागायचे, आणि हे एवढं मोठं ओझं तू एकटीने उचलून मला नुसती कुरकुरणारी गाडी दिलीस.

मी असं म्हणते खरी, पण काल सकाळी काय झालं ते आता सांगते, आणि हे पत्र खरं त्यासाठीच आहे. भाऊजींचा फोन आला. आवाज एकदम खुशीत. "काय बाई, गाडी पळतेय ना? हवा वेळच्या वेळी भरा. ब्रेकची काळजी करू नका, मी कधी वापरलेच नाहीत, नवेकोरे असतील." डुलकी, ते पॅड माझ्यासमोर टेबलावर पडले होते. आणि मी 'हो' म्हणाले. सगळ्या जगाला तोंडावर सांगणारी मी, 'हो, छान आहेत' म्हणाले. त्यांना खरोखरच माहीत नाही गं. त्यांना वाटतं फुटपाथच पुढे आले आहेत. मग म्हणाले, "एक गुपित सांगतो, हिच्याजवळ बोलू नका. दुसरी गाडी बघितलीय. वापरलेलीच आहे, पण आपल्या हाताखाली सुधारेल. गुरुवारी ताब्यात घेतोय. गाडी विकल्यापासून ही नुसती बसून असते हो. पूर्वी रस्ताभर काय बोलायची! आता तोंडातून शब्द निघत नाही. हिला फिरायला नेलं पाहिजे." तुझ्यासाठी आणताहेत ते गाडी, तुझ्या बडबडीसाठी. म्हणून आता मी सांगते ते ऐक. आणखी पॉलिश नाही. बुधवारी सकाळची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे, त्यांच्याच नावाने. 'माझे डोळे दाखवायचेत, सोबत चला' असली सोंगं करायची नाहीत. आज घरी जाऊन त्यांना समोर बसव आणि हे पॅड त्यांच्या हातात दे. कोणत्या गाडीचे ते सांग. डॉक्टरांशी ते वाद घालतील, तुझ्यावर ओरडतील, पण ब्रेकचा पॅड त्यांना वाचता येतो आणि तो काय सांगतो ते नाकारणारा माणूस नव्हे तो. संध्याकाळी पाच वाजता मी येते. तोवर तुझ्याने बोलवलं नसेल तर मी बोलेन, तू नुसती शेजारी बसायचंस, कोणत्या बाजूला ते तुला माहीत आहे. गुरुवारी गाडी येणार नाही. त्यांना गाडीपासून तोडायचं नाही, ते मला चालणार नाही. मला शिकवलं आणि तुला मात्र सगळा जन्म "तुला कशाला, मी आहे ना" म्हणत राहिले, ती बाकी आता फेडू देत. रविवारी बाजाराचं मैदान अजूनही रिकामं असतं. तू उजवीकडे बसशील, ते डावीकडे बसून तुझ्यावर ओरडतील, आणि नवे टायर माझे आहेत म्हणून मागच्या सीटवर मी असेन. झोपलीस तर याद राख.

संतापलेली, आणि तरीही तुझीच,
फौजदार

मंगळवारी सकाळी, वाचनालयाच्या पायरीवर, भाऊजी सोबत नसताना, तुझ्या हातात दिलं: हे पत्र. पुढच्या डाव्या चाकाचे जुने ब्रेक पॅड, दोन, वर्तमानपत्रात गुंडाळून. डॉक्टरांच्या वेळेची चिठ्ठी, एक. बिल दिलेलं नाही, मागू नये. गाडीची दुसरी किल्ली, एक. ही परत करायची नाही.